लाकडी बैलाचं पत्र

तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण, उद्यावर आला होता आणि सहा वर्षांच्या दिव्यानीनं आपल्या बैलाला हातही लावला नव्हता. तिचे बाबा, धनराज, भामरागडकडच्या शाळेत मास्तर होते. तिकडे चार दिवस पुलावरून पाणी वाहत होतं. फोनही लागत नव्हता.

“आबा, बाबा काऊन नाई आले?”

“रस्ता बंद हाय, माय. पानी उतरलं का येतेच तो.”

दिव्यानी तोंड फिरवून बसली.

तिचे आजोबा गुणवंतराव. आरमोरीजवळच्या खेड्यांत अडतीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलेलं. दुपारी त्यांनी पेटीतून एक कोरं आंतरदेशीय पत्र काढलं. निळा कागद हाताला लागला आणि घंटी ऐकून हातातलं काम टाकून धावत येणाऱ्या बाया त्यांना आठवल्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ते डाव्या हातानं लिहू लागले :

‘दिव्यानी, मी तुझा बैल. माझे सागाचे भाऊबंद भामरागडच्या जंगलात उभे आहेत. तुझे बाबा रोज त्यांच्याजवळून शाळेत जातात. बाबा खुशाल आहेत, असा भाऊबंदांचा निरोप आहे. मला सजव. पोळ्याला असं उघडं जायला मला लाज वाटते.’

सकाळी बैलाच्या चाकाखाली पत्र सापडलं. दिव्यानी धावतच आली. “आबा, बैलानं चिठ्ठी लिवली! वाचून द्या!”

गुणवंतराव वाचू लागले. शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेलं, “बाबांना तुझी लई आठवण येते.”

दिव्यानीचं बोट अक्षरांवरून फिरत होतं. “हे कुठी लिवलं हाय?”

गुणवंतरावांनी कागद उलटून पाहिला. जन्मभर त्यांनी पत्रं अशीच वाचली होती. कलाबाईचा मुलगा सुनील चंद्रपूरहून चार कोरड्या ओळी धाडायचा. गुणवंतराव मनानंच जोडायचे, “आई, तुझे गुडघे कसे आहेत?” कलाबाई डोळ्याला पदर लावून म्हणायची, “भाऊ, अजून एकदा वाचा.” मरेपर्यंत तिनं कधी ‘कुठं लिहिलंय?’ म्हणून विचारलं नाही.

“बैल लिवाले इसरला असंल,” ते म्हणाले.

दिव्यानीनं पेन्सिल आणली. ती ओळ पत्राखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिली आणि पुढं ‘मले पन’ असं जोडलं. मग दोघांनी मिळून बैलाच्या शिंगांना बेगड लावली, जुन्या लुगड्याच्या काठाची झूल शिवली. संध्याकाळी ती बैल ओढत मारुतीच्या पारावर मिरवून आली.

सणानंतर चौथ्या दिवशी धनराज आला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. दिव्यानीनं त्याला पाय धुवू दिले नाहीत. आधी अख्खं पत्र अडखळत वाचून दाखवलं. धनराजनं कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग बापाकडे बघून म्हणाला, “अक्षर बरं हाय बैलाचं.”

गुणवंतराव काहीच काम नसताना अंगणात निघून गेले.