ॲन आर्बरच्या सोप्रानोबाई

डब्लिनहून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा होता. माझी नात ईरा तो खरवडता खरवडता मला दम देत होती. हे डब्लिन ओहायोतलं. लेक-जावई इथे नोकरीला आणि मी मिरजेहून हिवाळ्यापुरती आलेली.

"आजी, प्लीज, तिथे कॉमेंट्स नको करूस. शी इज अ लेजंड."

"अगं, जन्मभर गाणं शिकवलंय मी. गप्प बसायची सवय आता कुठून लावू?"

लेजंड म्हणजे एलिनॉरबाई, एके काळच्या नावाजलेल्या सोप्रानो (ऑपेरात सगळ्यांत उंच पट्टीत गाणारी स्त्री). ऐंशी उलटलेल्या. नवीन शिष्य घेणं त्यांनी बंद केलं होतं. ईराने फार विनवण्या केल्या तेव्हा "एकदा येऊन गा" इतकं कबूल झालं. बाईंनी घेतलं तर इंजिनिअरिंग सोडून गाणं, नाही तर गाणं बंद, असं पोरीने जाहीर केलेलं. आईबापांची झोप उडाली होती, म्हणून सोबतीला मी.

रस्ता सपाट, कंटाळवाणा. दोन्हीकडे मक्याची कापलेली शेतं आणि मधूनच एखादं लाल कोठार. हमरस्त्यावरच्या विसाव्याला थांबून मेथीचे पराठे काढले. ईराने चार घास खाऊन डबा बंद केला. मी मात्र तिच्या वाटचेही खाल्ले, लोणच्यासकट.

ॲन आर्बरला बाईंच्या दारात गाडीतून उतरले आणि पहिल्याच पावलाला बर्फाळ फुटपाथवर घसरून सपशेल बसले. सायकलवरून चाललेली एक विद्यार्थिनी थांबली, मला उठवलं, "वेलकम टु मिशिगन" म्हणाली आणि गेली. हाडं शाबूत होती. नऊवारी नेसले नाही हे बरंच झालं म्हणायचं.

बाई उंच, ताठ. पांढरे केस कानांवरून खाली सोडलेले. त्यांनी आधी आम्हाला भोपळ्याचं गरम सूप पाजलं. मग मला विचारलं, "तुम्ही कुणाकडे शिकलात?"

मी आमच्या बुवांचं नाव घेतलं आणि सवयीने कानाची पाळी धरली. बाईंचा चेहरा एकदम उतरला. हात केसांकडे गेला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला काही कळेना. ईरा घाईघाईने म्हणाली, "नो, नो! गुरूचं नाव घेताना आमच्यात असं करतात. रिस्पेक्ट म्हणून."

बाईंनी केस बाजूला केले. दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रं होती. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"माझ्या कानांकडे बोट दाखवताय असं वाटलं मला," त्या म्हणाल्या आणि मग आपणहून बोलत सुटल्या. मिशिगनमधल्या दूधवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी. चर्चमध्ये गायची. तिथल्या ऑर्गनवादक बाईंनी आवाज हेरून तिला शहरात पाठवलं. पुढे जर्मनीत बरीच वर्षं गाणं, मग अमेरिकेत परत येऊन मोठमोठ्या भूमिका. ऐन भरात असताना वरचे सूर दोन कानांत दोन वेगळ्या उंचीवर ऐकू यायला लागले. एका प्रयोगात त्या सबंध अंकभर बेसूर गायल्या आणि त्यांना पत्ताच नाही. विंगेत आल्यावर सगळे म्हणाले, "सुंदर!" सहकलाकाराचं तोंड पाहून त्यांना उमगलं. त्यानंतर त्या रंगमंचावर गेल्या नाहीत. लोक म्हणाले, गळा गेला. गळा जागच्या जागी होता हो! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"म्हणून शिष्य घेत नाही. श्वास शिकवीन, शब्द शिकवीन, पण वरचा सूर लागला का, हे मला सांगता येत नाही. विचारलं तर सगळे 'सुंदर'च म्हणतात." मग ईराकडे वळून म्हणाल्या, "तरी गा. मला बघू दे."

ईरा गायली. काय सांगू, पोरीचा आवाज खोलीत मावेना. शेवटी ती त्या वरच्या सुरावर पोचली, थांबली. बाईंनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"लागला?"

ईरा डोळ्यांनी विनवत होती. ऑपेरातलं मला ओ की ठो कळत नाही, पण सूर तो सूर.

"नाही," मी म्हटलं. "जरा उतरला."

ईराने मान खाली घातली. बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या, किती तरी दिवसांनी भूक लागल्यासारख्या. "तुम्ही इथे कधीपर्यंत आहात?"

"मार्चपर्यंत."

"मग तो सूर लागेल तेव्हा या, दोघीही. त्या दिवशी हिला घेईन. लागलाय का, ते मी तुम्हालाच विचारणार."

परतताना वाटेतलं टोलेडो शहर मागे पडेपर्यंत ईरा नुसती समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. मिरजेत इतक्या मुली शिकवल्या, इतक्यांना बेधडक बेसूर म्हटलं, पण असं काळजाला कधी लागलं नव्हतं. एका 'हो'ने पोरीचं आयुष्य मार्गी लागलं असतं, असंही वाटून गेलं. आणि त्या बाईंना आणखी एकदा कुणीतरी फसवलं असतं.

अंधार पडायला लागला तशी ईराने खिडकी घट्ट लावली, पाठ ताठ केली आणि तोच सूर लावला.

"आता?"

"नाही. परत गा."