यरीहोच्या रकान्यातली चूक

मरोळला आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी मराठी बायबलवर्ग भरतो. अकरा वर्षं तो मी चालवला. वर्ग म्हणजे गावठाणातल्या सात-आठ बायका आणि एक काका, जे जन्मभर इथल्याच औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करून निवृत्त झाले होते. मीही त्याच वसाहतीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. आवक किती, जावक किती, दोन कागद जुळतात का, हे बघण्यातच माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे असेल कदाचित, पण मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेली येशूची चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, एकमेकांशेजारी ठेवून वाचायचा मला नाद होता. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तेव्हा कोंबडा एकदा आरवला की दोनदा? मार्क दोनदा म्हणतो, बाकीचे तिघे एकदा. असं सगळं मी एका जाड वहीत लिहून ठेवलं होतं. लोक मला विचारायला यायचे आणि मला ते आवडायचं. ते किती आवडायचं, हे ती येईपर्यंत मला कळलं नव्हतं.

ती वसईची. शाळेतून निवृत्त झालेली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मुलाने नवीन टॉवरमध्ये फ्लॅट घेतला म्हणून मरोळला राहायला आली होती. पहिल्याच आठवड्यात सगळे तिला टीचर म्हणायला लागले. अकरा वर्षांत मला कोणी काही म्हणालं नव्हतं.

त्या दिवशी मी येशू पुन्हा उठला ती, रिकाम्या कबरेची सकाळ घेतली होती. फळ्यावर चार रकाने आखले. मत्तयात दोन स्त्रिया, मार्कात तीन, लूककडे बऱ्याच, योहानाने नाव एकीचंच घेतलंय. मग देवदूत किती ते सांगितलं. सगळे माना डोलावत होते. टीचरने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"मार्क म्हणतो, बायका घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "मग मार्कला कळलं कसं? म्हणजे त्यांनी कधीतरी, कोणाला तरी सांगितलंच ना. मला नेहमी वाटतं, पहिल्यांदा सांगताना त्यांना किती जड गेलं असेल."

काकांनी चष्मा काढून पुसला. ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं होतं, वहीत उतरवलं होतं, खाली लाल रेघसुद्धा मारली होती. मला मोजता आलं होतं. हे सुचलं नव्हतं. "बरोबर आहे, पण आज आपला विषय तो नाही," असं म्हणून मी फळा पुसला.

फादर दाराशी उभे राहून ऐकत होते, हे मला नंतर कळलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारच्या आधी त्यांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "ईस्टरपर्यंतचे मंगळवार टीचरना घेऊ दे. तुम्हालाही जरा आराम." मला आराम नको होता. मी म्हणाले, "चालेल फादर, उलट बरंच झालं."

घरी येऊन भांडी घासताना मी सुनेला तिच्याबद्दल नको नको ते सांगितलं. तिचं मराठी शिष्ट आहे. नवीन लोक आले की सगळं आपलंच समजतात. सून म्हणाली, "आई, ती माझ्याशी चर्चच्या दारात बोलली होती. चांगली वाटली." त्या रात्री मी सुनेशीही धड बोलले नाही.

टीचर मात्र माझ्याकडे यायची. माझी वही चार दिवस वाचायला घेऊन गेली, कव्हर घालून परत दिली. पहिल्या वर्गाच्या आधी तिने तिच्या तक्त्याचा फोटो मला पाठवला. "ताई, एकदा नजर टाका. तुम्ही बघितलंत की मी झेरॉक्स काढते."

विषय यरीहो गावचा आंधळा, ज्याला येशू दृष्टी देतो. मत्तयात आंधळे दोन, आणि येशू यरीहोतून बाहेर पडतोय. मार्कात एक, त्याचं नाव बार्तिमय, आणि तेव्हाही येशू बाहेरच पडतोय. लूककडे आंधळा एक, पण येशू अजून यरीहोजवळ येतोय. टीचरने तिन्ही रकान्यांत 'बाहेर पडताना' लिहिलं होतं. चूक मला एका क्षणात दिसली. मी लिहिलं, "झकास आहे. काढा झेरॉक्स."

मंगळवारी ती इतकं सुंदर बोलली की मला ऐकवेना. आंधळा आपला अंगरखा टाकून उठतो, हे एकट्या मार्कने लिहिलंय. भिकाऱ्याकडे तेवढीच एक वस्तू असेल, असं ती म्हणाली. पुढची बाई डोळे टिपत होती. तेव्हा मी उभी राहिले.

"लूकचा रकाना चुकलाय," मी म्हणाले. "अठरावा अध्याय काढा सगळ्यांनी."

पानं उलटल्याचा आवाज झाला. टीचरने वाचलं, तक्ता बघितला आणि म्हणाली, "खरंच की. ताईंची नजर पक्की आहे. घाईत मी दाखवला होता, तेव्हा आमच्या दोघींच्या हातून निसटलं. पेन घ्या, दुरुस्त करू या." सगळ्यांनी दुरुस्त केलं. माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी खाली बसले आणि कोणाकडे न बघता माझ्याही तक्त्यावर तीच दुरुस्ती केली.

पुढच्या आठवड्यात जब्दीच्या मुलांचा उतारा होता. याकोब आणि योहान हे दोघे शिष्य येशूच्या राज्यात त्याच्या उजवी-डावीकडची मानाची जागा मागतात. मार्कात ते स्वतः मागतात, मत्तयात त्यांची आई येऊन मागते. टीचरने मत्तय मला वाचायला दिला. आई मागते, पण "तुम्ही काय मागता हे तुम्हाला समजत नाही" हे उत्तर मुलांना मिळतं, हे मोठ्याने वाचतानाच माझ्या लक्षात आलं. पुढे दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. बाकीचे दहा शिष्य त्या दोघांवर चिडले.

"का चिडले असतील?" टीचरने विचारलं.

काका म्हणाले, "त्यांनाही तीच जागा पायजे होती. दुसरं काय?"

सगळे हसले. मला हसता आलं नाही.

वर्ग सुटल्यावर खुर्च्या रचताना मी तिला गाठलं. "यरीहोची चूक मला आधीच दिसली होती," मी म्हणाले. "फोटोतच. मुद्दाम सांगितली नाही."

तिने हातातली खुर्ची ठेवली. "माहीत आहे, ताई. तुमच्या वहीत बरोबर लिहिलंय. त्या दिवशी घरी जाऊन वहीचं ते पान आठवलं. दोन दिवस फार राग आला मला."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"बोलणार होते आज. पण तुम्ही मत्तय वाचताना तुमचा आवाज अडकला. मग म्हटलं, राहू दे."

मी माफी मागितली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हाही मनात पहिली गोष्ट हीच आली, की हिला हेसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

ईस्टरनंतर फादरनी मला वर्ग परत घ्यायला सांगितलं. एक मंगळवार ती, एक मी, असं मीच सुचवलं. दोन वर्षं झाली, तसंच चाललंय. तक्ते आता मी तपासते आणि चूक दिसली की त्याच मिनिटाला फोन करते. तिच्या मंगळवारी चार माणसं जास्त येतात. मी दाराजवळ बसते आणि दर वेळी मोजते.