सुशीला सिस्टरची माफी

औषधाच्या खिडकीमागे वीस वर्षं बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते समोर येऊन उभेच राहतात. हिंगणघाटकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यातले माझे निम्मे किस्से एकाच बाईंचे आहेत. सुशीला सिस्टर, आमच्या हेड नर्स. ख्रिस्ती. रविवारी चर्च, आणि सोमवार ते शनिवार आम्ही!

*

एकदा गिरडचा एक माणूस आईला घेऊन आला. रांग मोठी होती. तो चिडला, सिस्टरना नको ते बोलला आणि केसपेपर त्यांच्या अंगावर फेकला. सिस्टरनी तो उचलून नाव वाचलं. "अनसूयाबाई तुमच्या आई न? त्याईले धाप लागून राह्यली. आधी आत घेऊ. भांडण मंग करू."

दोन तासांनी आईला आराम पडला. हा दाराशी मान खाली घालून उभा. सिस्टर म्हणाल्या, "आता भांडाले मले टाइम नाई. तुमी चहा पिऊन या."

*

बाई मऊ आहेत, असं मलाही वाटायचं. मग एक नवे डॉक्टर आले. त्यांनी एका पेशंटला चुकीचं इंजेक्शन लिहिलं. सिस्टरनी ते वेळेवर थांबवलं, तर डॉक्टर सगळ्यांसमोर त्यांच्यावरच ओरडले, की तुम्हीच चुकीचं ऐकलं. सिस्टर पुढच्या पेशंटकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये आल्या. मी औषधांची यादी घेऊन तिथेच होतो.

"काल तुमी चुकले अन् नाव माझं घेतलं. मी माफ केलं. पण रजिस्टरात खरं तेच लिहिलं हाय."

"मग माफ काय केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माफी माझी हाय, साहेब. रजिस्टर पेशंटचं हाय."

*

पुढचा किस्सा माझाच, म्हणून सांगायला जड जातो. मी उशिरा आलो म्हणून सिस्टर मला चारचौघांत बोलल्या होत्या. त्या रागात मी दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टला निनावी पत्र लिहिलं, की सिस्टर ड्यूटी लावताना आपल्या माणसांना सांभाळतात. धादांत खोटं. ट्रस्टने त्यांना बोलावून पत्र दाखवलं, चौकशी केली. काहीच निघालं नाही.

पंधरा दिवसांनी सिस्टर खिडकीशी आल्या. हातात मुलीच्या लग्नाच्या पत्रिका. "भाऊ, तुमचं अक्षर लई चांगलं हाय. पाकिटांवर नावं लिहून द्या."

त्या शेजारी बसून नावं सांगत होत्या, मी लिहीत होतो. विसाव्या पाकिटाला माझा हात थांबला. कसंबसं म्हणालो, "सिस्टर, ते पत्र..."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "लिहा. अजून साठ राह्यले."

*

नंतर एकदा धीर करून विचारलं, की तुम्हाला राग येतच नाही का? त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत एक ओळ आहे म्हणे. आम्ही जशी दुसऱ्याला माफी दिली, तशी आम्हालाही दे.

"तुमच्या पत्राच्या वेळी आठ दिवस त्या ओळीवर माझी जीभ अडत होती," सिस्टर म्हणाल्या. "पुढं जाताच येत नव्हतं."

*

आणि हा एक. सिस्टरचे यजमान शिक्षक होते. रस्त्याने सायकलवर जाताना एका टेम्पोने त्यांना उडवलं, ते जागीच गेले. ड्रायव्हर अल्लीपूरचा, प्यायलेला. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला सिस्टर हजर होत्या. त्याला शिक्षा झाली, तो भोगून सुटला.

काही वर्षांनी तोच माणूस आपल्या बाळंतपणात अडलेल्या लेकीला घेऊन आमच्या दारात आला. वर्ध्याला न्यायला वेळ नव्हता. सिस्टरना पाहिलं आणि तो मागे फिरून फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. सिस्टरनीही त्याला ओळखलं. त्यांनी क्षणभर दाराची चौकट धरली. मग त्या आत गेल्या.

दुपारी बाळ रडल्याचा आवाज आला. मुलगी. सिस्टर स्वतः तिला गुंडाळून उन्हातून फाटकापर्यंत गेल्या. तो उठला, मागे सरकला. दोन्ही हात त्याने पाठीमागे लपवले.

"नको सिस्टर. माह्या हातात नको."

सिस्टरनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग प्रत्येक नातेवाइकाला सांगतात तेच म्हणाल्या.

"नळावर हात धुऊन ये, भाऊ. मंग घे."

तो नळावर गेला. साबण लावला, हात धुतले. पुन्हा लावला, पुन्हा धुतले. बराच वेळ धूत राहिला. सिस्टर बाळाच्या तोंडावर हाताची सावली धरून तिथेच उभ्या होत्या.