अर्ध्या मिलिमीटरची फुशारकी

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणाचा तरी जबडा फिरवून बघत होतो. माझं कामच ते. कर्करोगात जबड्याचा तुकडा काढावा लागला, की तिथे पायाचं हाड बसवतात, त्यात स्क्रू रोवून दात लावतात. हाड कुठे कापायचं, स्क्रू कुठून जायचा, हे मी आधी पडद्यावर आखून देतो. मामी म्हणाली, झोपेतच हृदय थांबलं. मी फाइल सेव्ह केली आणि मग रडलो. आधी फाइल सेव्ह केली, हे महिन्याभरानंतरही विसरता येत नाही.

मामा धुळ्याकडून सुरतेत लूमवर कापड विणायला आले आणि तिथल्या गोडादरा वस्तीचेच झाले. माझं शिक्षण त्यांच्याच खोलीत झालं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि ठेचा समोर आला, की ते कुणाशी बोलत नसत. तंबाखूनं जबडा धरला, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, भाकर चावता यी ना माले?" मी छातीठोकपणे म्हणालो, "मामा, मी आहे ना!"

ऑपरेशन झालं. नंतरचा स्कॅन मी माझ्या आराखड्यावर ठेवून पाहिला. हाड काय, स्क्रू काय, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. ऑफिसात पेढे वाटले. पुढे दात बसले, आणि मामा म्हणाले, "दातले दात लागत नही रे भाऊ." मी त्यांना पडद्यासमोर बसवलं, रंगीत रेघा दाखवल्या, तंतोतंत आहे म्हणून पटवलं. "मंग मनीच चावानी सवय मोडी गयी व्हई," मामा म्हणाले, आणि पुन्हा कधी तक्रार केली नाही. मला बरं वाटलं... लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं.

ते गेल्यावर जुनी फाइल उघडली. पहिल्या स्कॅनच्या वेळी दुखत असल्यामुळे मामांनी दात पुरते मिटलेच नव्हते. असं होतं, म्हणूनच दातांचा साचा घेऊन चावा जुळवून पाहायचा असतो. परक्या माणसाचा साचा मी कधी चुकवला नाही. मामांचा मात्र 'घरचेच आहेत, चालतं' म्हणून टाळला. सर्जननं सगळं माझ्या आखणीबरहुकूम केलं. चूक माझ्या आराखड्यातच होती. मामांचं एक वाक्य खरं मानलं असतं, तर निदान दात तरी बदलून देता आले असते.

परवा आधी कळवून मामीकडे गेलो. ओट्यावर दगडी खलबत्ता होता. ऑपरेशननंतर तो मला दिसलाच नव्हता. सहज विचारलं, "मामी, मसाला कुटायला काढलास?"

"मसाला नही रे भाऊ... त्यास्नी भाकर कुटाले व्हता. तू येवाना व्हता का ते सांगेत, 'खाटखाले ढकली दे, पोऱ्याले वाईट वाटी.'"

मी येणार हे परवाही तिला ठाऊक होतं. तरी तिनं तो लपवला नव्हता.