चाळीस पावलांवर गेलेला संघ

गेल्या साली गावच्या कबड्डीच्या मैदानावर मी शेततळं खोदलं.

मुद्दाम नव्हे हो! मी माजलगावला बियाणं आणायला गेलो होतो आणि पोकलेनवाल्याला फोनवर सांगितलं, "शिवेच्या बांधाला लागून सपाट रान हाय, तितं घे खोदायला." आमच्या लिंबवाडीच्या डोंगराळ रानात सपाट जागा एकच, हे मी विसरलो. तो नाही विसरला. परत येतो तर जिथं गडी घुमायचे तिथं बारा फूट खड्डा, आणि काठावर आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. संघ त्यांनीच उभा केलेला.

"आता काय, पवून कबड्डी खेळायची का रं?"

आप्पांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. जत्रेतली फिरती ढाल सलग तीन वर्षं जिंकली की कायमची मिळते. दोन वर्षं आम्ही मारली होती. तिसऱ्या वर्षाच्या भरवशावर आप्पांनी ओसरीच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता (त्याला टोपी अडकवली म्हणून मी एकदा शिव्या खाल्ल्यात).

मी पळतच सासऱ्यांकडं गेलो. बांधापलीकडं त्यांचं टाकळखेड. खड्ड्यापासून मोजून चाळीस पावलं.

"जावईबापू, माजं पडीक रान घ्या की!" सासरे म्हणाले. "पोरांला नव्या जर्स्याबी आणतो. फकस्त छातीवर टाकळखेड पायजे."

मी लगेच हो म्हणालो. जत्रेच्या फॉर्मवरही तेच नाव टाकलं. आप्पांना सांगायचं तेवढं राहिलं. (राहिलं म्हणजे, ठेवलं!)

आणि आम्ही जिंकलो की! गुलाल उधळला, आप्पा ढाल घ्यायला स्टेजवर चढले, मागोमाग मी, तेवढ्यात कमिटीचे नाना माइकवरून म्हणाले, "थांबा. ढाल कायमची मिळायची न्हाई. टाकळखेडचं ह्ये पयलंच वरीस हाय."

आप्पांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि पोरांच्या छात्या वाचल्या. मग माझ्याकडं पाहिलं. एवढ्या गर्दीत मला एकट्याला थंडी वाजली!

"नाना, संघ त्योच हाय!" मी ओरडलो. "नुसतं नाव बदललंय."

"खेळता कुटं?"

"चाळीस पावलं पलीकडं."

"शीव वलांडून ना? मंग संघानं गाव सोडलं."

"आवो, आपली माणसं ऊसतोडीला सा-सा महिने भाईर ऱ्हात्यात. त्यांनी गाव सोडलं म्हणता का?"

"न्हाई. पर ती तिकडं जाऊन नाव बदलून घेत न्हाईत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांसाठी.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी बायको पुढं आली. पदर खोचलेला. (हे लक्षण मी ओळखतो.)

"नाना, मी टाकळखेडची शांता. लग्नात ह्यांनी तांदळात बोटानं शुभांगी लिवलं. माजं गाव बदललं, नाव बदललं, आडनावबी बदललं. आता सांगा, मी तीच का दुसरी?"

नाना गडबडले. "वैनी, तुमी... त्याच की."

"मंग संघबी त्योच. करा ढाल कायमची."

कमिटीत पाच मिनिटं कुजबुज झाली आणि ढाल कायमची झाली! आप्पांनी सुनेकडं असं पाहिलं, की माझ्याकडं जन्मात पाहिलं नसेल. त्यांनी ढालीला हात लावला. पलीकडून स्टेजवर चढून सासऱ्यांनीही लावला.

"पाव्हणं, सोडा. ढाल लिंबवाडीची," आप्पा म्हणाले.

"कावून? पोरीलाच इचारा."

आप्पांनी मोठ्या विश्वासानं सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आप्पा, मी तीच हाय, पर नांदती कुटं? जितं दिली तितं. आता संघ तिकडं कुणी दिला, ते तुमच्या लेकाला इचारा."

मी स्टेजच्या मागच्या बाजूला सरकलो, पण तिथं पायऱ्याच नव्हत्या.

आप्पांनी ढाल सोडली. "न्या पाव्हणं," ते म्हणाले. "पर एक करा. ढालीसंगं ह्यालाबी घेऊन जा. नाव काय ठिवायचं ते ठिवा."

सासऱ्यांनी ढाल छातीशी घट्ट धरली आणि दोन पावलं मागं सरले.

"नगं बा! आमच्या गावात मैदान येकच हाय."