बाकावरच्या सुमनवहिनी

बँकेत संध्याकाळी सगळं जुळवूनच घरी जायचं असतं. किश्श्यांचं मात्र कुणी जुळवत नाही, ते आपले साठत जातात! मी मेली जन्मभर काउंटरवर बसले, आधी महाडला, मग पोलादपूरला, आणि दोन्हीकडे मॅनेजर तात्याच. त्यामुळे माझ्याकडे जे काही किस्से आहेत ते तात्यांचे. लोक म्हणतात, "कुंदाताई, हसवा जरा." मी सांगायला बसते ती हसवायलाच, आणि मध्येच मीच उठून जाते. तेवढं सांभाळून घ्या.

*

सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं की आमची पळापळ. एका वर्षी तर बघता बघता बँकेच्या पायरीला लागलं. तात्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लोकांनी तारण ठेवलेलं सोनं स्वतः डोक्यावरून माडीवर नेलं. मी म्हटलं, "अहो, धोंडू आहे ना शिपाई, तो नेईल!" तर म्हणाले, "कुणाचं मंगळसूत्र वाहून गेलं तर तोंड मला दाखवायचंय, धोंडूला नाही."

पूर ओसरल्यावर तात्या घरी गेले, तर वर्षाचे तांदूळ भिजून टम्म फुगलेले. सुमनवहिनी, म्हणजे तात्यांची बायको, दारातच उभ्या. शाळेत शिकवायच्या, जीभ अशी तिखट! म्हणाल्या, "गावाचं सोनं वाचवलंत ना? मग आता तेच शिजवते!"

हे आम्हाला तात्यांनीच सांगितलं. बायकोचं बोलणं सांगताना त्यांना इतकं हसू यायचं की शेवटचा शब्द आम्हाला ओळखावाच लागायचा.

*

त्यांचं घर चवदार तळ्याजवळच्या गल्लीत. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवशी गावोगावची माणसं तळ्यावर यायची, तेव्हा हे दोघं दारात माठ आणि गूळ मांडून उभे, आम्ही बँकेतले मदतीला. एकदा पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे बाबा आले आणि त्यांनी तात्यांच्या हातातला तांब्याच काढून घेतला. "दरवर्षी तुम्ही पाजता. आज बसा साहेब, आज आमच्या हातचं प्या!" तात्या मुकाट्याने पायरीवर बसले आणि पोटभर प्यायले.

त्याच दुपारी वहिनी कोपऱ्यावर गूळ आणायला गेल्या, त्या येईनातच. शेवटी गर्दीतल्या एका बाईने त्यांना हाताला धरून आणलं. "तळ्याभोवती फिरत व्हत्या. घर गावत नाय म्हणाल्या."

घर हाकेच्या अंतरावर! आम्ही सगळे हसलो. वहिनीही हसल्या. तेव्हा कुणाला काय माहीत?

*

मग मुंबईचे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आठवण हळूहळू जाणार, औषध नाही, असं सांगितलं. पुण्याहून मुलगी रोज फोन करी, "बाबा, आईला घेऊन इकडे या." हेड ऑफिसने ठाण्याला बढती देऊ केली. तात्यांनी दोन्हीला नाही म्हटलं.

मी भांडलेच त्यांच्याशी. "कसला हट्ट हा? तिकडे चांगले डॉक्टर आहेत!"

"कुंदाताई, इथे ती कुठेही हरवली तरी कुणीतरी घरी आणून सोडतं. पुण्यात कोण सोडणार?" "सगळं विसरू दे तिला. मी तेवढा राहिलो पाहिजे."

मी चहा मागवला.

*

पोलादपूरला बदली झाल्यावर ते वहिनींना रोज सोबत आणायला लागले. एसटीने. एके सकाळी महाड स्टँडवर वहिनींनी पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. "एवढ्या गर्दीत मी नाही बसायची!"

तात्या समजावतायत, कंडक्टर घड्याळ बघतोय, वहिनी हलेनात. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक शेतकरी ओरडला, "उतरा रे सगळे! वैनीला बसू दे आधी!"

आणि अख्खी गाडी उतरली हो! पाट्या, पिशव्या, कडेवरची पोरं, सगळी. वहिनी ऐटीत चढल्या, खिडकीशी बसल्या. मग एकेक जण हळूच मागून चढला, आवाज न करता. वहिनी तात्यांना म्हणाल्या, "बघा, जरा थांबलं की जागा मिळते!"

मी त्याच गाडीत होते. तात्या पोलादपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे वळले नाहीत.

*

बँकेत वहिनींची जागा ठरलेली, गिऱ्हाइकांच्या बाकावर. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "जेवलात का?" पाच मिनिटांनी पुन्हा, "जेवलात का?" वाड्यावस्तीवरच्या बाया दर वेळी नव्याने उत्तर द्यायच्या. "जेवले गो वैनी, भाकरी नि सुकट!"

एकदा हेड ऑफिसचे तपासणी अधिकारी आले. "या बाई सकाळपासून बसल्यात. कुणाबरोबर आहेत?"

तात्या उठायच्या आत अख्खा बाक बोलला, "आमच्यासंगती हाय!"

"एवढ्या सगळ्यांच्या संगती?"

"मग! तुमाला काय तरास हाय?"

साहेबांनी पुढची फाइल ओढली. संध्याकाळी निघताना वहिनींनी त्यांनाही गाठलंच. साहेबांनी बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, "जेवलो हो वहिनी. तुम्ही जेवलात ना?"

*

आणि एक सांगते, मग उठते.

एके दुपारी वहिनी बाकावरून उठल्या, पदर सारखा केला आणि तात्यांच्या केबिनच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी सह्या घ्यायला आत होते.

"येऊ का साहेब?"

तात्यांचा पेन थांबला. जन्मात कधी त्यांनी नवऱ्याला साहेब म्हटलं नव्हतं. तरी तात्या उठून उभे राहिले. "या, बसा."

वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पदराची गाठ सोडून चुरगळलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. "खातं उघडायचंय. आमच्या ह्यांच्या नावाने."

तात्यांनी खात्याचा फॉर्म पुढे ओढला.

"माणूस फार चांगला हो. पण सगळं गावासाठी करत सुटतो, स्वतःचं म्हणून काही बघत नाही. आणि माझं हल्ली ध्यानात राहत नाही. उद्या मी नसले तर म्हातारपणी त्यांचं कोण करणार? म्हणून म्हटलं, आठवतंय तोवर ठेवून टाकावं."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

वहिनी पुढे वाकल्या. "पण त्यांना कळता कामा नये हं. रागावतील!"

तात्या प्रत्येक खातेदाराशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "नाही कळणार बाई. खातेदाराची गोष्ट आम्ही घरच्यांनाही सांगत नाही."

"शब्द द्या."

"दिला."