तळाशी बसलेले सात ग्रॅम

माझं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. त्यातही गणिताच्या तासाला मी बहुधा शाळेच्या मागच्या बाजूला सापडायचो. तरी विद्राव्यतेची गणितं मला तोंडपाठ आहेत, कारण माझी थोरली सून लग्नानंतर औषधशास्त्र शिकली ती स्वयंपाकघरात, मोठ्याने. एका हातात डाव, दुसऱ्या हातात वही. "साठ अंशांवर संपृक्त असलेलं द्रावण वीस अंशांपर्यंत गार केलं, तर किती ग्रॅम स्फटिक तळाशी बसतील?"

"अगं, बसले ते बसले," मी म्हणायचो. "त्यांना काय ताटं मांडायची आहेत? मोजतेस कशाला?"

"मामंजी, तुम्ही पेपर वाचा."

घरात तिचं नाव थेंबमोजी. चहात साखर घातली तरी कप उजेडात धरून तळ बघणार. पुढे ती दवाखान्याच्या औषधखोलीत नोकरीला लागली, आणि आमचे चहा एकदाचे वेळेवर मिळू लागले.

त्या हिवाळ्यात सलग तीन दिवस हाडं गोठवणारा गारठा पडला होता. चौथ्या सकाळी दहाच्या सुमारास धाकटा मुलगा गच्चीवरच्या टाकीची शिडी उतरताना घसरला आणि डोक्यावर आपटला. शुद्ध गेली. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज चढतेय. मोठं इस्पितळ दोन तासांवर. आधी सूज उतरवणारं औषध शिरेतून द्यायचं, मगच गाडी हलेल. तीन बाटल्या आणा."

मी सिस्टरच्या मागोमाग औषधखोलीच्या खिडकीशी गेलो. सुनेने कपाट उघडलं, एक बाटली उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला. दुसरी, तिसरी, पाचही तशाच. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखा पांढरा थर.

"खराब झालं?" मी विचारलं.

"नाही. गारठ्याने खाली बसलंय."

सिस्टरला दम धरवत नव्हता. "वरचं स्वच्छ आहे ना? तेवढंच चढवू. तुझा दीर आहे गं तो."

"म्हणूनच नाही." सुनेने खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिल टेकवली. "बाटलीत वीस ग्रॅम. एवढ्या गारठ्यात एवढं पाणी तेराच पेलतं. सात तळाशी. तीन बाटल्यांत एकवीस, म्हणजे एक अख्खी बाटली कमी पडणार. आणि एखादा खडा नळीत गेला तर?"

तिने पाणी तापत ठेवलं, त्यात तापमापी सोडली आणि बाटल्या बुडवल्या. दर थोड्या वेळाने एकेक काढून फडक्यात धरायची, हलवायची, उजेडात बघायची, परत बुडवायची. आतून डॉक्टरांची हाक आली, "किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"पाचात दे."

"पाचात विरघळत नाही, सर."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. त्याचा काटा चालत नव्हता, खुरडत होता. थर पातळ झाला, धूसर झाला, गेला. सिस्टरने हात पुढे केला. सुनेने बाटली तिरकी केली. गळ्याशी तिळाएवढा एक कण. परत पाण्यात. त्या क्षणी मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू.

कण विरघळला तेव्हा बाटल्या हाताला चटका देत होत्या. सिस्टर त्या घेऊन नळाकडे निघाली.

"गार पाणी नको. परत बसेल तळाशी." सुनेने कोमट पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. मनगटाची आतली बाजू बाटलीला लावून थांबली. पुन्हा लावली. पुन्हा उजेड. मग म्हणाली, "न्या." सिस्टर गेली आणि ही स्टुलावर बसली. पेन्सिल अजून मुठीत होती.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. बाहुल्या सारख्या होऊ लागल्या होत्या. गाडी निघाली.

अकराव्या दिवशी धाकटा घरी आला. डोक्याला पट्टी, जिभेला नाही. "वहिनी, सिस्टर म्हणाल्या, मी मरत होतो आणि तुम्ही बाटल्यांना अंघोळ घालत होतात."

"चौदा मिनिटं, भावोजी."

"मोजलीत?"

तिने चहाचा कप उजेडात धरला, तळ बघितला आणि त्याच्या हातात दिला. मी पेपर वाचत होतो.